नत्थूजी, जवाई आणि बंगलोरची खेप

सौंसरात लांबच्या खेपेला निघणाऱ्या ट्रकमध्ये हवा पंपावर भरतात आणि ड्रायवरातली हवा नत्थूजींच्या ओसरीवर काढतात.

नत्थूजींचं घर मोहगाव रस्त्याला. ओसरीसमोर त्यांचा स्वतःचा एक ट्रक उभा असतो आणि ओसरीवर स्वतः नत्थूजी बसलेले असतात. दोघांच्याही पुढच्या बाजूला बऱ्यापैकी पोट आहे. उमेदीत त्यांनी संत्री घेऊन दिल्ली पाहिली, कापूस घेऊन कोइमतूर पाहिलं, आणि आता वय झाल्यावर नागपूरच्या पुढं जात नाहीत. पण त्यांना विचारल्याशिवाय दुसरंही कोणी नागपूरच्या पुढं जात नाही. कोणत्या राज्यात कोणता कागद विचारतात, कोणत्या घाटात गिअर आधी पाडायचा, कोणत्या शहरात दिवसा जड गाडीला शिरू देत नाहीत, कोणत्या ढाब्यावर गाडी लावून झोपलं तर सकाळी डिझेलसकट गाडी सापडते, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

त्यांना कागदावरचा नकाशा कळत नाही असं नाही. पण कागदावर चढ लागत नाही, म्हणून ते भांडी मांडतात. वाटी म्हणजे नागपूर. अडकित्ता म्हणजे निर्मलजवळचा घाट. तांब्या म्हणजे हैदराबाद. पोळपाट म्हणजे बंगलोर, कारण तिथं पोचलेली गाडी तिथल्या तिथंच गोल फिरते. जितके ड्रायवर तितक्या सुपाऱ्या, आणि त्या सुपाऱ्या वाटीपासून पोळपाटापर्यंत सरकवत नेत ते बोलत राहतात. मधेच त्यांच्या बायकोला, पंचफुलाबाईंना, पाणी भरायचं असलं की त्या हैदराबाद उचलून घेऊन जातात आणि सगळी वाहतूक कुर्नूलच्या अलीकडं खोळंबते.

एकदा मोहगावचा गजेंद्र आला. तरणा पोरगा, गाडी झकास चालवतो, आणि ते त्याला स्वतःलाच जास्त माहीत आहे.

"काका, हैदराबादले एकटाच जाऊन राहिलो. दुसरा ड्रायवर कायले? गाणे लावतो, झोप येत नाही."

"गाणं तू ऐकशीन. चाक ऐकते काय?"

"अन् थोडे कॅरेट जास्त टाकतो म्हटलं. धरमकाट्यावर आपल्या वळखीचा माणूस हाय."

"उताराची वळख हाय काय तुही? काट्यावाला डोळे झाकून घेईन, ब्रेक नाही झाकत डोळे." नत्थूजींनी सुपारी वाटीतच ठेवली, म्हणजे गाडी नागपुरातच अडवली. "मले सांग, जामसांवलीचा मारुती कसा हाय?"

"कसा म्हणजे? झोपून लंबा होऊन हाय."

"काहून लंबा हाय?"

गजेंद्रला माहीत नव्हतं.

"डोंगर उचलून लंकेपर्यंत नेला त्यानं. ओव्हरलोड, अन् तोही सिंगल ड्रायवर. मंग लंबा नाही होईन तं काय करन? तो देव होता म्हणून झोपून निभावलं. तुह्यासाठी मंदिर कोण बांधते?"

गजेंद्र हसत हसत गेला आणि दुसरा ड्रायवर घेऊनच हैदराबादला गेला. असा नत्थूजींचा दरारा. फिटनेस, विमा, परमिट, प्रदूषणाचा कागद, यातला एक जरी शिळा असला तर ते त्या माणसाला चहासुद्धा देत नसत.

या अशा नत्थूजींना फेब्रुवारीत पांढुर्ण्याच्या भगवंतरावांचा फोन आला. भगवंतराव संत्र्यांचे व्यापारी. मृगबहाराची संत्री बंगलोरला पाठवायची होती, आणि गाडी त्यांना नत्थूजींचीच पाहिजे होती.

"गाडी देतो," नत्थूजी म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अन् चालवतोही मीच."

पंचफुलाबाई आतून लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काय म्हटलं तुमी?"

"शेवटची एक मोठी खेप मारतो ना वं. बंगलोर पाहून लय वर्षं झाली."

"बंगलोर पायता? तुमाले दिसते काय बंगलोर?"

हा प्रश्न नत्थूजींनी ऐकला नाही. अलीकडं हा प्रश्न ते ऐकतच नसत. त्यांच्या दृष्टीनं भानगड डोळ्यांची नव्हती, गाडीच्या काचेची होती. काचेवर कायम धुकं असायचं. कितीही पुसा, जायचं नाही. समोरून येणाऱ्या गाडीचे दोन दिवे असायला पाहिजेत, तर आरतीचं अख्खं तबक यायचं. शेवटी गेल्या वर्षी त्यांनी काच बदलून घेतली. नवी काचही तशीच निघाली. आजकाल मालच चांगला येत नाही, असं त्यांचं मत झालं.

आता आपल्याच नियमाप्रमाणं दुसरा ड्रायवर पाहिजे होता. नत्थूजींचा नेहमीचा ड्रायवर बहिणीच्या लग्नाला गेला होता. पंचफुलाबाईंनीच नाव सुचवलं. "आपले जवाई नाही काय? जिनिंगचा हंगाम सरला. रिकामेच हायेत."

विनोद म्हणजे त्यांच्या प्रणालीचा नवरा. पांढुर्ण्यातल्या एका जिनिंगची मोठी गाडी तो चालवायचा. लायसन पक्कं, व्यसन नाही, हात साफ. ड्रायवर म्हणून नत्थूजींनी त्याला डोळे झाकून निवडला असता. अडचण एकच होती. तो जवाई होता.

ड्रायवरला 'थांब' म्हणता येतं, 'ऊठ' म्हणता येतं, 'गाढवा, आरसा पाह' असंही म्हणता येतं. जवायाला काय म्हणणार? लग्न झाल्यापासून नत्थूजींनी विनोदला तीनच आज्ञा केल्या होत्या: या, बसा, आणखी घ्या. आणि विनोद तर त्यांच्या वरताण. मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, तो पाठ टेकून बसत नसे. मामाजींनी एकदा मीठ समजून कढीत साखर घातली तेव्हा त्यानं ती कढी दोनदा मागून घेतली होती.

नत्थूजींचा आणखी एक नियम होता. ज्या दोन ड्रायवरांनी आधी एका गाडीत पाय ठेवला नाही, त्यांनी लांब जाण्याआधी एक जवळची चक्कर मारायची. भगवंतरावांचे रिकामे कॅरेट पांढुर्ण्याला पोचवायचेच होते. जाताना नत्थूजी चालवतील आणि येताना विनोद, असं ठरलं.

सकाळी गाडी निघाली. नत्थूजींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, काच पुसली, पुन्हा पुसली, आणि स्टेअरिंगला हात लावताच दहा वर्षांनी तरणे झाले. विनोद शेजारी बसला, पाठ न टेकता.

गाव सोडून थोडं पुढं गेल्यावर विनोद एकदम म्हणाला, "मामाजी, बैल पायले काय? कसे देखणे हायेत!"

"कोठी?"

"समोरच. मधोमध उभे हायेत. काय शिंगं हायेत!"

नत्थूजींनी ब्रेक दाबला. शिंगं खरोखरच देखणी होती, आणि बंपरच्या इतक्या जवळ होती की त्यांच्यावरचा रंगही दिसला.

"देखणे हायेत," नत्थूजी म्हणाले. बैल निवांत निघून गेले.

पुन्हा थोड्या वेळानं, "मामाजी, हे गतिरोधक नवंच केलं वाट्टे. भल्लं उंच केलं! आपल्या किती जवळ हाय!"

गाडी गतिरोधकावरून हळू उतरली.

"मामाजी, तो ट्रॅक्टर पा ना. पऱ्हाटीच्या काड्या किती छान रचल्या! अजिबात हालून नाही राहिला. उभाच हाय. आपल्याच बाजूनं."

नत्थूजींना वाटलं, पोरगा मोठा हौशी आहे. जगात जे दिसेल त्याचं याला कौतुक. प्रणाली बिचारी कशी राहत असेल याच्याबरोबर! घरात शिरला की म्हणत असेल, वा, काय दार आहे!

मग एक मोटारसायकल उलट्या बाजूनं आली. त्या वेळी विनोदला कौतुकाचा शब्द पटकन सापडला नाही. "मामाजी, तो पोट्टा, त्याचा शर्ट, लाल शर्ट, किती, किती..." म्हणता म्हणता त्याचे दोन्ही पाय आपोआप पुढं दाबले गेले, जिथं ब्रेक नव्हता तिथं. नत्थूजींनी लाल काहीतरी पाहिलं आणि गाडी डावीकडं घेतली. मोटारसायकल गेली. विनोदनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "सुंदर होता शर्ट."

तेव्हा कुठं नत्थूजींना उमगलं. जवाई कौतुक करत नव्हता. जवाई गाडी चालवत होता, नुसत्या तोंडानं. पुढचा सगळा रस्ता त्यांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली, आणि विनोदनं वाटेतल्या दगडांचंसुद्धा वर्णन केलं.

पांढुर्ण्यात कॅरेट उतरवून ते प्रणालीकडं जेवायला गेले. बाप खूप दिवसांनी आला म्हणून तिनं रोडगे केले होते, वांग्याची भाजी, आणि रोडग्याला भोक पाडून आत तुपाची विहीर. नत्थूजी स्वतः गाडीवर असले की अर्धपोटी जेवतात, पण आज परतीला चालवायचं नव्हतं. विनोदला चालवायचं होतं, आणि तो पोटभर जेवला. त्याला 'आता पुरे' म्हणणं नत्थूजींच्या जिभेवर आलं होतं, पण सवयीनं बाहेर पडलं ते "आणखी घ्या ना जवाईबुवा." आणि मामाजींची आज्ञा मोडायची कशी म्हणून विनोदनं आणखी घेतलं.

परतीच्या रस्त्यावर ते तूप विनोदच्या पापण्यांवर चढलं. आधी डोळे बारीक झाले, मग मान हळूच खाली गेली आणि दचकून वर आली. दुसरा कोणी ड्रायवर असता तर त्यांनी कान धरून खाली उतरवला असता. पण जवायाचा कान?

त्यांनी गाडीला बोलायला सुरुवात केली. "काय वं बाई, डाव्या अंगाले काहून कलून राहिली? झोप आली काय तुले?"

"नाही मामाजी, गाडी बरोबर हाय," विनोद म्हणाला आणि पुन्हा पेंगला.

नत्थूजींनी भजन सुरू केलं, मोठ्यानं. विनोदला ते अंगाईसारखं लागलं. त्यांनी जेवणाचा स्टीलचा डबा मुद्दाम खाली पाडला. विनोद जागा झाला, "अरे अरे" म्हणाला, आणि पुढच्या वळणापर्यंत जागा राहिला. शेवटी नत्थूजींना एकच उपाय सुचला.

"जवाईबुवा, जरा गाडी बाजूले घेता काय? लघवीले जाऊन येतो."

गाडी थांबली. नत्थूजी उतरले, बाभळीमागं जाऊन उगाच उभे राहिले, आणि जवायानं तोंडावर पाणी मारलं की परत आले. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "जवाईबुवा, जरा." मग पुन्हा. असं करत करत सौंसर आलं, तेव्हा विनोद काळजीनं म्हणाला, "मामाजी, राग नोका मानू, पण शुगर तपासून घ्या बरं एखाद्या वेळी."

त्या संध्याकाळी नत्थूजींनी पंचफुलाबाईंना सांगितलं, "जवाई गाडीवर झोपते."

"मंग सांगा ना त्याईले."

"जवाईले? अन् मी सांगू? जगात कोणत्या सासऱ्यानं सांगतलं हाय?"

त्याच वेळी तिकडं पांढुर्ण्यात, बसनं घरी परतलेला विनोद प्रणालीला सांगत होता की मामाजींना समोरचा बैल दिसत नाही, आणि प्रणाली म्हणत होती की मग त्यांना सांगा ना, आणि विनोद म्हणत होता, मामाजींना? मी? मग मायलेकींचा फोन झाला. त्यात पंचफुलाबाईंनी एक वाक्य असं म्हटलं की प्रणाली हसता हसता खाली बसली: "एकाले दिसत नाही अन् एक डोळे मिटते. संत्र्याईनंच चालवावं आता, बंगलोरपर्यंत." त्या फोनवर आणखी काय शिजलं ते नत्थूजींना फार नंतर कळलं.

गाडी भरायच्या आदल्या दिवशी विनोद आणि प्रणाली सौंसरला आले. आल्याबरोबर पाय धुतले, पाट मांडला, ताट वाढलं. नत्थूजी म्हणाले, "या, बसा." विनोद आला, बसला. ताटाकडं पाहिलं. आणि हात मांडीवर ठेवून मान खाली घातली.

"घ्या ना जवाईबुवा."

विनोद हलला नाही.

"भाजी तिखट झाली काय?"

मानेनं नाही.

पंचफुलाबाईंनी आतून तोंडाला पदर लावून मोठ्या आवाजात जाहीर केलं, "अवो, जवाई रुसले!"

गल्लीत हा शब्द गेला आणि दार माणसांनी भरलं. जवायाचं रुसणं हा काही किरकोळ प्रकार नाही. सासरी जवायाला बोलता येत नाही, मागता येत नाही, भांडता येत नाही, पण रुसता येतं. तो त्याचा हक्क, आणि एकदा तो रुसला की कारण विचारणं आणि मागेल ते देणं हे सासऱ्याचं काम. विनोद लग्नात रुसला नव्हता. पहिल्या दिवाळीला रुसला नव्हता. एवढ्या गुणी जवायामुळं गल्लीची तेव्हा थोडी निराशाच झाली होती. आता ती भरून काढायला सगळे आले.

शेजारच्या यमुनाकाकू पुढं झाल्या. "अंगठी पायजे काय जवाईबापू? पायजेच ना, लग्नात बारीकच घातली होती सासऱ्यानं."

विनोदची मान, नाही.

गजेंद्र रस्त्यानं जाता जाता शिरला होता. "बुलेट मांगून राहिले असतीन. मी असतो तं बुलेटच मांगतली असती."

"तुले पोरगी कोण देऊन राहिलं?" यमुनाकाकू म्हणाल्या.

नत्थूजी घायकुतीला आले. उद्या गाडी भरायची, आणि आज जवाई उपाशी. "घड्याळ देतो. अंगठी देतो. अवो जवाईबुवा, बोला तं! जीव मांगा, नाही म्हणत नाही."

विनोदनं पहिल्यांदा मान वर केली. "तोच मांगून राहिलो मामाजी," तो म्हणाला. "तुमचाही अन् माहाही. डोळे तपासून घ्या. तवर मी जेवत नाही."

बुलेट परवडली असती, असं नत्थूजींच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"माह्या डोळ्याईले काय झालं?" ते गरजले. "सुईत दोरा सोडला तं सगळं दिसते मले!"

"काका," गजेंद्र म्हणाला, "ते समोरच्या दुकानाची पाटी वाचा बरं."

नत्थूजींनी रस्त्यापलीकडं पाहिलंही नाही नीट. "त्यात काय वाचाचं? किराणा अन् धान्य भांडार."

पंचफुलाबाई हसल्या नाहीत, म्हणून नत्थूजींना कळलं की काहीतरी चुकलं. यमुनाकाकूंनी हळूच सांगितलं, "तो किराणा दिवाळीतच उठला, भाऊजी. तथी आता मोबाईलचं दुकान हाय. पाटीवर बाईचा फोटो हाय, एवढा मोठा."

सौंसर नत्थूजींना पाठ होतं. नागपूरचा रस्ता पाठ होता. गेलं वर्षभर ते जे चालवत होते ते पाहून नव्हे, आठवणीनं. रोजच्या रस्त्यावर ते खपून जात होतं. बैल मात्र रोज एकाच जागी उभे राहत नाहीत.

ते उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. तिथं बंगलोरची भांडी मांडलेलीच होती. वाटी, अडकित्ता, तांब्या, पोळपाट, आणि वाटीशेजारी दोन सुपाऱ्या. आत सगळे कुजबुजत होते. नत्थूजी बराच वेळ त्या दोन सुपाऱ्यांकडं पाहत राहिले. बंगलोरची खेप. पुन्हा एकदा निर्मलच्या घाटातून उतरायचं, तो मोकळा लांबच लांब रस्ता, अनंतपूरच्या पुढचे ते गोल दगडांचे डोंगर. हे सगळं त्यांना पाहिजे होतं, फार पाहिजे होतं. पण समजा उद्या दुसरा कोणी या ओसरीवर येऊन म्हणाला असता, काका, मला समोरचं दिसत नाही, पण मी जाऊन राहिलो, तर? त्याची सुपारी कुठं गेली असती?

त्यांनी आपली सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि कट्कन कातरली.

"गेलो बा निर्मलच्या घाटात," ते पुटपुटले, आणि खांड तोंडात टाकून आत आले.

"जेवा आता," ते विनोदला म्हणाले. "दाखवतो डोळे. पण रुसाचं असन तं मलेही रुसता येते. माहीही अट हाय. पोटभर जेवल्यावर तुमी गाडी नाही चालवाची. तुमी झोपता."

विनोदचे कान लाल झाले.

"मी सांगत नव्हती काय?" प्रणाली म्हणाली. "घरी तं हात धुताना झोपते हा माणूस!"

"म्हणजे मामाजी," विनोदच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला, "ते लघवीले जाणं..."

"माही शुगर एकदम बरोबर हाय," नत्थूजी म्हणाले.

दुपारीच ते डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, मग यंत्रात हनुवटी ठेवायला लावून पाहिलं. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. काका, तुम्ही गाडी चालवता?"

"चालवत होतो," नत्थूजी म्हणाले. "मले वाटलं काच खराब हाय."

"काचच खराब आहे. पण ती गाडीची नाही. ऑपरेशन करून घ्या, मग पाहू. तोपर्यंत लायसनसाठी दाखला मागायला आलात तर मी देणार नाही, आणि गाडीला हात लावलात तर या तुमच्या जावयाला सांगेन." विनोदनं पाठ सरळ करून मान हलवली. त्याच्या आयुष्यात मामाजींच्या बाबतीत मिळालेला हा पहिलाच अधिकार होता.

आता दुसरा ड्रायवर कोण? गजेंद्र दारातच होता. सकाळपासून गेलाच नव्हता. नत्थूजींनी त्याचं लायसन हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, मग पंचफुलाबाईंना वाचायला लावलं, आणि त्याला घेतला.

संध्याकाळी ओसरीवर दोघांना समोर बसवून त्यांनी भांडी नव्यानं मांडली. विनोद पाठ न टेकता बसला होता.

"टेका पाठ," नत्थूजी म्हणाले. "आता ऐका. घरात तुमी जवाई. तथी पाय धुवू, पाट देऊ. गाडीत जवाई कोणी नाही अन् मामाजी कोणी नाही. गाडीत ड्रायवर. ज्याले जे दिसन त्यानं ते सरळ बोलाचं. बैल दिसला तं बैल म्हणाचं, देखणा म्हणाचं नाही."

"हो मामाजी."

"सकाळची पाळी विनोदची, जेवणाआधीची. जेवल्यावर गजेंद्र. पाच तासाच्या वर कोणी एका बैठकीत चालवाचं नाही, कायदाही तसाच हाय अन् कंबरही. सावनेरच्या पुढं एकदा थांबून दोरखंड पाहाचे, संत्री खाली बसतात अन् दोर ढिले होतात. चालत्या गाडीत फोन नाही. माहा आला तरी उचलाचा नाही. बंगलोरात दिवसा जड गाडी घेत नाहीत, रात्री शिरा. उशीर झाला तं बाहेर उभं रायजा, घाई करू नोका."

दुसऱ्या दिवशी नियमाची जवळची चक्कर म्हणून विनोद आणि गजेंद्रनं गाडी पांढुर्ण्याला नेली, नत्थूजी मधे बसले, आणि तिथं संत्री तणसात बसवून कॅरेट चढले. गजेंद्रनं उगाच एक कॅरेट जास्त ठेवून पाहिलं, नत्थूजींनी न दिसताही ते ओळखलं आणि खाली उतरवायला लावलं. धरमकाट्यावर वजन बरोबर भरलं. परमिट, विमा, फिटनेस, बिल्टी, भगवंतरावांचं बिल, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून विनोदच्या मांडीवर दिलं. त्रिकोण, स्टेपनी, आग विझवायची लाल टाकी पाहून झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारळ फुटला आणि गाडी नत्थूजींशिवाय निघाली. ती गेल्यावर बराच वेळ ते रस्त्याकडं पाहत होते. काय दिसत होतं त्यांनाच माहीत.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच नियमात अडकलो. चालत्या गाडीत फोन नाही, म्हणजे आपल्यालाही करता येत नाही. सकाळभर ते फोन हातात घेत होते आणि ठेवत होते.

"करा ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कोण पायते?"

"तू पाऊन राहिली ना."

"मी नाही सांगत कोणाले."

"अवो, तो उचलन ना! जवाई हाय, मामाजीचा फोन न उचलता राहीन काय?"

दुपारचं जेवण झालं. नत्थूजींनी रोडगा घेतला नाही. दोन घास खाल्ले आणि पुन्हा ओसरीवर. एवढ्यात फोन वाजला. विनोदचा.

"गाडी चालू हाय काय?" नत्थूजींनी आधी हेच विचारलं.

"नाही मामाजी, उभी हाय. पांढरकवड्यातच. तुमी अदिलाबादच्या पुढं थांबा म्हणतलं होतं, पण अलीकडंच थांबलो."

"काहून? टायर गेला?"

"गाडी बरोबर हाय. गजेंद्रले झोप येऊन राहिली. रात्री मोबाईल पाहत बसला म्हणे. पाहा ना, जेवून गाडीवर बसला अन् स्टार्टरले हात लावता लावता पेंगला. म्या चाबी काढून घेतली." विनोदचं वाक्य सरळ होतं. कशाचंही कौतुक त्यात नव्हतं. "तो चिडला माह्यावर. दे म्हणे. म्या नाही दिली."

"बरं केलं. अन् तू?"

"मी तं जेवलो हाय मामाजी."

नत्थूजींनी डोळे मिटले. म्हणजे गाडी तिथंच राहणार. अदिलाबाद उशिरा, हैदराबाद उशिरा, बंगलोरची रात्र हुकणार, संत्री बाजारात एक दिवस मागं पडणार, आणि आयुष्यात पहिल्यांदा नत्थूजींची गाडी सांगितलेल्या वेळी पोचणार नाही. भगवंतराव आरडाओरडा करतील, आणि त्यांचंही काही चुकीचं नसेल.

"सावलीत लावली काय गाडी?"

"हो. ताडपत्री वरून थोडी सैल केली, हवा लागाले."

"मंग झोप. दोघंही झोपा. भगवंतरावाले मी पायतो. अन् गजेंद्रले सांग, चाबी तुह्याचकडं रायन."

फोन ठेवला तर पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "जवाईले तू म्हटलं तुमी!"

"ड्रायवरले म्हटलं," नत्थूजी म्हणाले. "भगवंतरावाचा नंबर लावून दे मले. बारीक हाय, दिसत नाही."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच इतक्या सहज म्हटलं होतं. पंचफुलाबाईंनी नंबर लावून दिला.

"भगवंतराव," नत्थूजी म्हणाले, "तुमची गाडी थोडी उशिरा पोचन."

"काहून जी? पंचर झाली?"

"नाही. ड्रायवर झोपला."

पलीकडून असा आवाज आला की पंचफुलाबाईंनाही ऐकू गेला. "झोपला? अरे देवा! अन् गाडी? माणसं कशी हायेत? कोठी धडकली?"

"गाडी उभी करून झोपला."

"नत्थूजी," भगवंतराव म्हणाले, "आधी ते सांगत जा ना बा!"